स्टार्टरमधली काडी लई महाग पडती

विहिरी-बोअरच्या मोटरीचा स्टार्टर सारखा पडायलाय, म्हणजे मोटर आपोआप बंद करायलाय, म्हणून त्याच्या आतल्या कॉन्टॅक्टरला (मोटरीची लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) बाभळीची काडी खोचायची अन् मोटर चालू ठेवायची. आमच्या जालन्याकडं कोणत्याबी शिवारात फिरा, कुठल्या ना कुठल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, स्टार्टरच्या पेटीत ही काडी दिसतीच. काम झालं, वायरमनचे पैसेबी वाचले म्हणतात लोक, अन् मला ते ऐकून खरंच काळजी वाटती.

स्टार्टर उगं पडत नसतो हो. बऱ्याचदा डीपीवरचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज गेलेला असतो, मोटर तीन फेजऐवजी, म्हणजे लाईटच्या तीन तारांऐवजी, दोनच फेजवर ओढत असती आणि त्या दोन फेजमधून करंट जवळपास पावणेदोन पट जातो, म्हणजे 5 एचपीची सबमर्सिबल (बोअरमधली पाण्याखालची मोटर) जिथं 10 अँपिअर घेती तिथं 17. मग स्टार्टरमधल्या रिलेतल्या (जास्त करंट ओळखणाऱ्या भागातल्या) पट्ट्या तापून वाकतात, कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या कॉइलची लाईन तोडतात, कॉन्टॅक्टर सुटतो. पण काडीनं तो दाबूनच धरलाय म्हणल्यावर सुटणार कसा? मोटरीतली तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, जळेपर्यंत मोटर चालू.

हिशोब मात्र सगळे फक्त रिवायंडिंगचा, म्हणजे ती तार नव्यानं गुंडाळायचा, करतात. शेजारच्या काकांची मोटर गेली ती ऐन आंबे बहारात, मोसंबीचा ताण तोडून (बंद ठेवलेलं पाणी परत सुरू करून) झाडं फुलावर आलेली, आता बोअरमधून पाइप, केबल, दोर सगळं वर काढा, त्याला माणसं बघा, दुकानात न्या तर तिथं सीझनमुळं आधीच मोटरींची रांग, मग परत खाली सोडा, आणि केबलचा जॉइंट नीट नाही बांधला तर पाणी शिरून पुन्हा पहिल्यापासून. तोवर पाण्याच्या पाळ्या चुकल्या अन् वाटाण्याएवढी फळं झाडाखाली पिवळी होऊन पडली. वर्षाचा माल गेला, तो कोण लिहितंय मोटरीच्या खर्चात?

पैशाचं तर सोडाच. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाईट आली तरी बटन दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, हे माणसाच्या जिवासाठी मुद्दाम तसं केलेलं असतं. काडी असली की लाईट येताच मोटर आपोआप चालू, अन् त्याच वेळी कोणी लाईट नाही म्हणून केबलचा जॉइंट बांधत बसलं असलं तर?

म्हणून स्टार्टर पडला की आधी तिन्ही फेज आहेत का बघा. डीपीवर स्वतः हात घालू नका, लाईनमनला फोन करा. रिले मोटरीच्या प्लेटवरच्या अँपिअरला लावलाय का ते बघून घ्या, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) नसंल तर बसवा. तरीबी पडतच राहिला तर मोटर बंद ठेवा आणि माणूस बोलवा, एखादी पाळी उशिरा गेली तर जाऊ द्या.