हातचा

मार्च लागला की आमच्याकडे सकाळची शाळा. सातला घंटा, अकराला सुट्टी, तरी दहापासून डोक्यावरचे पत्रे तापायला लागतातच. अमळनेरच्या पुढे, बोरीकाठच्या एका गावातल्या शाळेत मी मदतनीस आहे. शाळेच्या पटावर असं पद नाही. एक स्थानिक संस्था थोडंफार मानधन देते आणि मी तिसरीच्या वर्गात एका मुलासोबत बसते. घरी त्याला बापू म्हणतात, इथंही बापूच म्हणू.

बापूला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली, त्यामुळे स्नायू ताठ होतात. जोर लावला की आणखी ताठ होतात. म्हणजे ‘घट्ट धर, नीट लिही’ म्हटलं की अक्षर हमखास बिघडणार. तो बोलतो, पण एक शब्द यायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि तोही अहिराणीत. बाकावर पाय लोंबकळले की त्याचा हात थरथरतो हे लक्षात आल्यावर मी त्याच्या पायाखाली गोणपाट गुंडाळून दोन विटा ठेवल्या. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ही कामं बरी जमली. पुढे जे सांगतेय ते सांगायला मला दोन महिने लागले.

लिहिण्यात त्याचा जीव जातो म्हणून गणितासाठी मी शून्य ते नऊची अंककार्डं केली होती. सर फळ्यावर उदाहरण घालायचे, मी कार्डं मांडायची, बापू बोट ठेवायचा, मी वहीत उतरवायची. पानामागून पान बरोबरच्या खुणा. त्याची आई ती वही शेजारपाजारी दाखवायची. सरांना काही विचारायचं असलं तर ते मलाच विचारायचे, “समजलं का हो त्याला?” आणि मी म्हणायची, “हो सर.”

त्या दिवशी फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी वही चाळली, थोडा वेळ आमच्या दोघांकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही जरा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा.”

त्यांनी 52 वजा 27 घातलं. कार्डं स्वतःच मांडली, उलटसुलट. मी बाहेर बघत होते. पऱ्हाट्या भरलेली बैलगाडी चालली होती, ती पार वळणाआड गेली तरी मागे सामसूम. मग मॅडमचा आवाज आला, “पस्तीस.” पुढचं 64 वजा 38. त्याचं उत्तर आलं चौतीस.

मी म्हटलं, आज त्याचं लक्ष नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. मला त्याच्यासमोर बसवलं आणि हळूच कानात म्हणाल्या, “सातकडे बघा. तोंडातून शब्द काढू नका.” मी बघितलं. बापूनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बोट सातवर ठेवलं. मग नऊ. मग दोन. कुठलंही गणित न घालता त्यानं तिन्ही बरोबर सांगितले.

माझे कान तापले. वर्षभर मी त्याला गणित शिकवतेय असं समजत होते आणि तो माझा चेहरा वाचायला शिकला होता. ते तो उत्तम शिकला होता, हेही खरं.

मॅडमना मात्र त्या पस्तीसचाच आनंद झालेला. फळ्याकडे जाऊन सरांना म्हणाल्या, “बघा, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करतोय. वजाबाकी येते त्याला, हातचा येत नाही.” वर्गातली कितीतरी धडधाकट पोरंही हेच करतात. पण त्यांची चूक सरांना दिसते. बापूची चूक मी दिसूच दिली नव्हती. त्याचा हातचा मीच होऊन बसले होते.

मग सर पहिल्यांदाच त्याच्यापाशी खाली बसले. पऱ्हाट्यांच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. यातून सत्तावीस द्यायच्या. गठ्ठ्याचं रबर बापूला काढता येत नाही, तेव्हा शेजारच्या मुलीला बसवलं आणि ठरलं की बापू सांगेल तेव्हाच तिनं सोडायचं. मला मागच्या बाकावर पाठवलं. मदत करण्याआधी मनात तीसपर्यंत मोजायचं. तरी अडला तर आधी खूण, मग शब्द, आणि हात सगळ्यात शेवटी. मी रोज हातापासूनच सुरुवात करत होते.

मी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. अठ्ठावीसपर्यंत मोजून झालं आणि बापू म्हणाला, “सोड.”

पंचवीस त्या दिवशी आलं नाही. मधेच सुट्टीची घंटा झाली.

मॅडम जाताना एक बोलून गेल्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात लेखनिक आहे, जादा वेळ आहे. पुढे दहावीला बसला की बापूला तासाला 20 मिनिटं जादा मिळतील, लेखनिकही मिळेल. पण लेखनिकानं सांगितलं तेवढंच लिहायचं असतं, आणि त्याच्या डोळ्यांत उत्तर नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई वही घेऊन फाटकातच उभी. दोन फुल्या बघितलेल्या. “ताई, मना पोऱ्या मांगे पडना का?”

मी तिला ओट्यावर बसवलं. आधीची सगळी पानं उलटून दाखवली आणि म्हटलं, ही माझी आहेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. रागावली असावी, आणि रागावण्यासारखंच होतं. मग तिनं शेवटचं पान काढलं आणि 35 वर बोट ठेवलं.

“हाई त्यानं शे का?”

“हो,” म्हटलं, “हे त्याचं.”