आमची वाटचाल: कार्यक्रम घडवणारी माणसं घडवताना

आमची संस्था सुरू झाली ती परिषदा, मेळावे आणि पुरस्कार सोहळे पार पाडण्यासाठी. प्रशिक्षणाकडे आम्ही गरजेपोटी वळलो. नव्याने येणारी मुलं-मुली हुशार होती, सजावटीवर तासभर बोलायची. पण सामानाची गाडी कोणत्या दाराशी लागेल, असं विचारलं की गप्प व्हायची. त्यांना पाहुण्यांना दिसतो तेवढाच भाग शिकवलेला होता.

म्हणून आमचा अभ्यासक्रम वेळापत्रकापासून सुरू होतो, आणि ते उलटं लिहायचं असतं. संध्याकाळी सहाला दारं उघडणार, तर त्याआधी काय संपलेलं हवं? आणि त्याच्याही आधी? जड ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा धातूचा सांगाडा, सगळ्यात आधी चढतो, खुर्च्या सगळ्यात शेवटी लागतात, हे लवकर कळतं. खरी कसोटी मधल्या तासांची. दिव्यांचं फोकसिंग अंधारात करावं लागतं, साउंड चेकला शांतता लागते, सुताराला उजेड हवा असतो आणि त्याची ठोकाठोक चालूच असते. हे तिघे एकाच दुपारी एकाच सभागृहात असतात. प्रत्येकाला त्याचा तास मिळवून देणं, हे माझ्या मते समन्वयकाचं पहिलं कौशल्य. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव हवं. ‘टीम’ असं लिहिलेलं आम्ही खोडतो.

रेकीला, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीला, मुलं मोजायची टेप घेऊन जातात. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की धोका झपाट्याने वाढतो. म्हणून किती माणसं मावतील यासोबतच ती बाहेर कुठून पडतील, हेही तिथेच मोजायचं. या बाबतीत मी कुणाला सूट देत नाही.

२०२० मध्ये कार्यक्रम थांबले. त्या काळात जुन्या कामांची वेळापत्रकं, ग्राहकांची नावं काढून, आम्ही शिकवण्यासाठी लावून घेतली. करार वाचण्याचा तासही तेव्हाच आला. कार्यक्रम रद्द होणं आणि पुढे ढकलला जाणं यांची कलमं वेगळी असतात. कोणत्या वेळी किती आगाऊ रक्कम परत मिळते, हे समन्वयकाला तोंडपाठ हवं.

प्रमाणपत्राबद्दल विचारणा होतेच. सीएमपी (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल) ही कार्यक्रम-आयोजकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८५ पासून आहे, पण तिला बसायलाही आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. तो मिळावा म्हणून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात विद्यार्थ्याकडे एकच जागा पूर्णपणे सोपवतो: नोंदणीचं टेबल, ग्रीन रूम किंवा वक्त्यांची ने-आण. एकाच जागेची जबाबदारी अंगावर असली की माणूस प्रश्न विचारायला शिकतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या तुकडीपासून आवराआवरीलाही गुण ठेवले आहेत: भाड्याचं सामान मोजून परत, आणि सभागृह ठरल्या वेळेत रिकामं.