मानमंदिराच्या एका फोटोसाठी तीन हिवाळे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरातून किल्ला दिसतो, पण मानमंदिराची पूर्वेकडची भिंत दिसत नाही. मला नेमकी तीच हवी होती. मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) बांधलेल्या या महालाची खरी शान म्हणजे कड्यावरचे गोल बुरूज, आणि गोलाई फोटोत उतरायची तर ऊन समोरून येऊन चालत नाही. मार्चअखेर सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो. तेव्हा काढलेले माझे फोटो पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखे आलेत. डिसेंबरअखेर तो साधारण २६ अंश दक्षिणेकडे सरकतो, ऊन तिरकं पडतं नि प्रत्येक बुरुजाची उजवी बाजू सावलीत जाते. एवढं ॲपवर बसल्याजागी कळलं. जागाही मिळाली, सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या आत्याची गच्ची.

त्यात मला धुकंही हवं होतं. खाली धुकं, वर तरंगता किल्ला. पहिल्या जानेवारीत अकरा पहाटा स्कूटर काढली आणि पांढरा पडदा बघून परत आलो. डोंगर जेमतेम शंभर मीटर उंच आणि मी धुक्याच्या तळाशी उभा, मग वरचं दिसणार कसं! हे कळायला अकरा दिवस लागले, याची अजून लाज वाटते. धुकं हवं, पण कमरेएवढंच. म्हणजे मावठं होऊन गेलेलं, रात्र निरभ्र, वारा पडलेला, तरी ओल बेताची.

दुसरा हिवाळा कोरडा गेला.

तिसऱ्या वर्षी एकदा जमलं. सूर्य सातनंतर लगेच उगवला, पण धुरकटातून भिंतीवर ऊन यायला वेळ होता, म्हणून कॅमेरा गळ्यात घेऊनच चहाला खाली गेलो. गारठलेली लेन्स आणि स्वयंपाकघरातली वाफ! काच क्षणात पांढरी. पुसली, पुन्हा पांढरी.

"त्याला कशाला आणलंस खाली? तो काय चहा पितो?" आत्या म्हणाली.

वर धावलो. काच निवळेपर्यंत हात बांधून बघत बसलो. ऊन बुरुजांच्या माथ्यावरून खाली उतरत होतं. निवळली तेव्हा ते निम्म्यावर आलं होतं, खालच्या छपरांवर धुकं होतंच. २०० मिलिमीटर, एफ ८, सात फ्रेम. त्यातली चौथी बरी आहे. एवढ्या लांबून भिंतीवरच्या निळ्या फरश्या दिसत नाहीत हे ठाऊक असूनही त्या झूम करून शोधल्या.

या दिवाळीत आत्याच्या शेजाऱ्यांनी मजला चढवला. आता गच्चीवरून दोनच बुरूज दिसतात.