बत्तीस, एकतीस की तीस?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं निमंत्रण आलं, त्यात एक ओळ होती : ज्या भाषेत मन मोकळं होतं त्या भाषेत लिहा. म्हणून मराठीत लिहिते आहे. शाळेतले माझे तास इंग्रजीत गेले, पण शाळा आठवते ती मराठीतच.

सहावी ते आठवी, म्हणजे आमच्या शाळेच्या भाषेत ज्युनिअर हाय, एवढ्याच तीन वर्षांबद्दल लिहायचं ठरवलं आहे. पुढची वर्षं परीक्षांच्या धावपळीत गेली आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. या तीन वर्षांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मी जी काही घडले ती याच वर्गांमध्ये.

२०१५ साली मी सहावीत दाखल झाले. आधीच्या शाळेत मी हुशार म्हणून ओळखली जायचे, आणि हुशार म्हणजे जिचं उत्तर पहिल्यांदा येतं ती. इथे आल्यावर पहिलं प्रगतिपुस्तक घरी नेलं तेव्हा बाबा बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत होते. टक्के कुठेच नव्हते, वर्गात कितवी आले तेही नव्हतं. प्रत्येक विषयाखाली ए, बी, सी, डी असे चार निकष आणि प्रत्येकापुढे आठपैकी एक आकडा. चारही मिळून ३२, आणि त्यावरून १ ते ७ मधली एक श्रेणी. बाबांनी शेवटी विचारलं, "यातले मुख्य विषय कोणते?"

हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला गेला असेल. आमच्या शाळेत इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा मिडल इयर्स प्रोग्राम होता. ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, आणि अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठीचा हा अभ्यासक्रम १९९४ पासूनचा. त्यात आठ विषयगट : भाषा आणि साहित्य, नव्याने शिकायची भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं, कला, डिझाइन आणि शारीरिक व आरोग्य शिक्षण. प्रत्येक गटाला वर्षाला निदान पन्नास तास द्यायचेच असा नियम आहे. म्हणजे कागदावर सगळे सारखे. पण वेळापत्रकात तास कुणाला जास्त आहेत हे मुलांना बरोबर दिसतं, आणि आम्ही सगळेच भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रं यांनाच 'कोअर' म्हणायचो. मीही त्या चारांबद्दलच लिहिणार आहे, कारण माझी गोष्ट तिथे घडली. सुरुवात गणितापासून.

सातवीतली गोष्ट. गणिताच्या मॅमनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. परिघावर दोन बिंदू घेऊन ते जोडले की वर्तुळाचे दोन भाग होतात. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू उरलेल्यांशी जोडला की चार भाग. चार बिंदूंना आठ. पाच बिंदूंना सोळा. पुढे काय होतं ते शोधा, एवढंच सांगून त्या बाकांमधून फिरायला लागल्या.

मी लगेच लिहिलं, दर वेळी दुप्पट होतंय, म्हणून सहा बिंदूंना बत्तीस. पेन्सिल खाली ठेवली. मॅम माझ्या बाकापाशी थांबल्या. "मोजलेस?" मी म्हटलं, मोजायची गरजच नाही, दिसतंय. त्या म्हणाल्या, "मोज."

मी कंपासने नीट वर्तुळ काढलं. तेवढ्याच त्रिज्येने परिघावर खुणा करत गेलं की बरोबर सहा बिंदू बसतात, ते मला येत होतं. पंधरा रेषा काढल्या आणि प्रत्येक भागात बारीक आकडा घालत मोजलं. तीस. पुन्हा मोजलं, तीसच. शेजारच्या मुलीने बिंदू हातानेच अंदाजाने टाकले होते, तिचं वर्तुळ माझ्याइतकं सुबकही नव्हतं, आणि तिचे एकतीस आले. माझी खात्री होती की ती चुकली. तिची खात्री होती की मी चुकले. दोघींनी वह्या शेजारी ठेवून एकेक भाग ताडून पाहिला तेव्हा दिसलं : माझ्या वर्तुळात समोरासमोरच्या बिंदूंना जोडणाऱ्या तीन रेषा नेमक्या केंद्रात एकमेकींना भेटत होत्या. तिच्या वहीत त्या थोड्या चुकून गेल्या होत्या आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा एक त्रिकोण तयार झाला होता. तोच एकतिसावा भाग.

तो त्रिकोण पाहिल्यावर अंगावर काटा आला होता, हे आजही जसंच्या तसं आठवतं. बत्तीस कुठेच नव्हते. आम्ही कितीही वाकडेतिकडे बिंदू टाकले तरी एकतिसाच्या पुढे जाता येत नव्हतं. दुप्पट, दुप्पट, दुप्पट असं चालत आलेलं सगळं सहाव्या पायरीला कोलमडलं होतं.

मी घरी जाऊन स्वच्छ पानावर सगळं पुन्हा लिहिलं. बत्तीस खोडलं, तीसचं चित्र फाडलं, आणि एकतीसचं सुंदर चित्र काढून खाली उत्तर लिहिलं. गणितात नमुने शोधायचा निकष 'बी' आणि मांडणीचा निकष 'सी', अशा दोनच निकषांवर ते काम तपासायचं होतं. दोन्हीत मला आठपैकी तीन मिळाले. मी रडले. उत्तर बरोबर होतं, चित्र वर्गात सर्वांत चांगलं होतं. खाली मॅमनी लिहिलं होतं, "बत्तीस का वाटलं? तीस का आलं? ते कुठे गेलं?"

त्या वेळी मला हा शुद्ध अन्याय वाटला. चुका पुसायच्या असतात हेच तोवर शिकले होते. त्यासाठीच तर प्रत्येकाच्या कंपासपेटीत खोडरबर असतो. मॅमनी मला ते काम पुन्हा करायला लावलं, आणि या वेळी मला चार पानं लागली.

विज्ञानात तेच दुसऱ्या रूपात समोर आलं. लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला वजन बांधायचं, दहा झोके मोजायचे (जाऊन परत आला की एक झोका), स्टॉपवॉच पाहायचं, दहाने भागायचं. लांबी २५ सेंटिमीटर असताना एक झोका साधारण एका सेकंदाचा येतो, आणि लांबी एक मीटर केली, म्हणजे चौपट, की वेळ मात्र फक्त दुप्पट होतो, दोन सेकंद. वजन बदललं तर वेळ बदलतच नाही. हे पुस्तकात वाचलं तर एक ओळ आहे. पण जड नट बांधूनही काटा तिथेच थांबतो हे हाताने करून पाहताना आमच्या गटातल्या सगळ्यांना वाटलं की आपला प्रयोग बिघडला.

एक मीटरला आम्ही पाच वेळा मोजलं. चार वेळा दहा झोक्यांना वीस सेकंदांच्या आसपास वेळ आला, आणि एकदा १८.१. मी खोडरबर उचलला. विज्ञानाच्या सरांनी तो हातातून काढून घेतला नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "तो आकडा तुम्हीच मोजलाय ना? मग तो राहू दे. तो कुठून आला ते शोधा."

आम्ही पूर्ण मधली सुट्टी त्या एका आकड्यावर घालवली. शेवटी गटातल्या एकाच्या लक्षात आलं की त्या फेरीला मोजणारी मी होते, आणि मी लंबक सोडताक्षणीच "एक" म्हटलं होतं. शून्य म्हणायला हवं होतं. माझे दहा म्हणजे प्रत्यक्षात नऊच झोके. नऊ दुणे अठरा. पुन्हा मुद्दाम "एक"पासून मोजून पाहिलं, १८.० आलं. अहवालात आम्ही ती नोंद ठेवली, आलेखावर तो बिंदू वेगळ्या रंगाने दाखवला आणि कारण लिहिलं. त्या आकड्यामुळे आमचा अहवाल चांगला झाला होता. हे कळलं त्या दिवशी गणिताच्या मॅमवरचा माझा राग गेला.

समाजशास्त्रांना आम्ही 'आय अँड एस', म्हणजे 'इंडिव्हिज्युअल्स अँड सोसायटीज', म्हणायचो. इतिहास, भूगोल, थोडं अर्थशास्त्र, थोडं नागरिकशास्त्र, सगळं एकाच तासात. आठवीत गणिताबरोबर जोडून नकाशांचा एक पाठ होता. दर वर्षी दोन विषय एकत्र आणून निदान एक असा पाठ करायचाच असतो, आणि माझ्या मते या अभ्यासक्रमातली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. मॅमनी एक जुना रबरी चेंडू कापून बाकावर सपाट करायला दिला. तो होत नाही. कडा दाबल्या की मधला भाग फुगतो, मधला भाग दाबला की कडा वळतात, जोर लावला की फाटतो. मग त्यांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवला, मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा. त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे.

वर्गात एकच गलका झाला, नकाशा चुकीचा आहे, काढून टाका. मॅमनी विचारलं, "१५६९ साली हा नकाशा कुणासाठी काढला असेल?" त्या प्रश्नावर दोन तास गेले. खलाशाला होकायंत्राची दिशा न बदलता जायचं असतं, आणि या नकाशावर तो मार्ग पट्टीने काढलेली सरळ रेष असते. दिशा राखायची म्हणून क्षेत्रफळ सोडलं होतं. गोल सपाट करायचा तर काहीतरी फाटणारच. काय फाटू द्यायचं ते नकाशा काढणारा ठरवतो, आणि ते ओळखणं हे वाचणाऱ्याचं काम. पुढे कुठलाही दस्तऐवज हातात आला की तो कुणी, कधी, कशासाठी लिहिला हे आम्ही विचारायचो, ती सवय त्या चेंडूपासूनची.

या विषयाबद्दल माझी एक तक्रारही आहे आणि प्रेमापोटीच लिहिते. साधनं तपासायला आम्ही उत्तम शिकलो, पण घटनांचा क्रम आमचा कच्चा राहिला. कशाआधी काय घडलं हे मला पुढे स्वतः बसून पाठ करावं लागलं. पाठांतर हा शब्द आमच्याकडे जरा जास्तच टाळला गेला. पाढ्यांचंही तेच. विचार करायला डोक्यात आधी काहीतरी साठलेलं लागतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

भाषांबद्दल खूप लिहिता येईल. साहित्याच्या तासाला कवितेबद्दल काहीही म्हणायची मुभा होती, पण म्हटलं की ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागायचं. नवी भाषा म्हणून मी फ्रेंच घेतलं. तिथे नव्व्याण्णवला 'चार वीस, दहा, नऊ' म्हणतात हे ऐकून वर्ग हसला. मॅमनी विचारलं, तुमच्या घरच्या भाषांत आकडे कसे बनतात? माझ्या वर्गात निरनिराळ्या भाषा बोलणारी मुलं होती, आणि घरची भाषा मी तोवर शाळेत कधी बाहेर काढली नव्हती. मी उभी राहून सांगितलं, आमच्यात एकोणीस म्हणजे वीसला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मॅम म्हणाल्या, लॅटिनमध्येही एकोणीस असाच बनतो. मग कुणीतरी विचारलं, नव्व्याण्णव म्हणजे शंभराला एक कमी का? मी तोंड उघडलं आणि थबकले. एकोणनव्वद आहे, पण एकोणशंभर नाही. नव्व्याण्णव सरळच आहे, नऊ आणि नव्वद. जन्मापासून बोलत आलेल्या भाषेतला हा सहावा बिंदू मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

मी सध्या संख्याशास्त्र शिकते. रांगेत न बसणाऱ्या आकड्यांचं काय करायचं हा त्यातला मोठा भाग आहे, आणि असा आकडा दिसला की पुसायच्या आधी हात आपोआप थांबतो.

ते एकतीस का, हे सातवीत गणिताच्या मॅमनी सांगितलं नव्हतं. "पुढे कळेल" म्हणाल्या होत्या. अकरावीत समुच्चय, म्हणजे अनेकांतून काही निवडायचे प्रकार, शिकताना एका दुपारी ते उलगडलं. परिघावरचे कुठलेही चार बिंदू घेतले की आत एक छेद मिळतो, सहांतून चार निवडायचे प्रकार पंधरा. दोन बिंदूंची एक रेष, त्या पंधरा. आणि सुरुवातीचं न कापलेलं वर्तुळ एक. प्रत्येक रेषेने आणि प्रत्येक छेदाने एकेक भाग वाढतो, म्हणून पंधरा, पंधरा आणि एक. तीन रेषा एकाच जागी भेटल्या की तीन छेदांचा एकच होतो आणि मधला त्रिकोण नाहीसा होतो, म्हणून माझे तीस. मी तेव्हाच मॅमना ईमेल केला, सगळं सिद्ध करून, चित्रांसकट, आणि सुरुवातीला बत्तीस का वाटलं होतं तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकाच ओळीचं. "छान. सात बिंदूंचं मोजलंस?"

मोजलं होतं. सूत्राने सत्तावन्न येतात. हाताने काढलेल्या वर्तुळातही सत्तावन्नच आले, तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दोन प्रयत्नांची पानं त्याच वहीत आहेत.