चादर दबली नाही

२६ डिसेंबर, रात्री

नाताळची सुट्टी लागली म्हणून ताई भाच्याला घेऊन आलीय. काल जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढे जमलो. सगळे म्हणजे अप्पासुद्धा. एरवी ते बातम्या संपल्या की उठतात.

सिनेमा हिंदीत डब केलेला. माणसं खरी, खार तेवढी कार्टूनची. नाव लिहून ठेवण्यासारखं काही नाही. बाप कामात बुडालेला, पोरं रुसलेली, बाहेर बर्फ. मग बोलणारी खार घरात शिरते, धिंगाणा घालते आणि नाताळच्या रात्री सगळ्यांना एका टेबलाशी आणून बसवते. (असल्या सिनेमातला बाप ऑफिसात नेमकं काय काम करतो, हे मला आजवर कळलेलं नाही.) सोलापुरात डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, पण पडद्यावरचा बर्फ बघून भाचा चादरीत शिरला. आईनं शेंगा भाजून आणल्या होत्या, त्यांची टरफलं सगळीकडे.

अर्ध्या तासानं अप्पा म्हणाले, "खोटं आहे हे."

"अहो अप्पा, खार बोलायलीय. खोटंच असणार की."

"बोलू दे की. बोलण्याचं काय नाही. पलंगावर उडी मारली तिनं, चादर दबली नाही."

भाच्यानं रिमोट घेऊन मागं नेलं. एकदा, दोनदा, तीनदा. खरंच, खार दाणकन उतरते आणि चादरीला एक सुरकुती पडत नाही. त्यानंतर सिनेमा राहिला बाजूला. खार कुठं बसली की दोघं ओरडायचे, "दबली!" नाहीतर "नाही दबली!" सोफ्यावर दबली, उशीवर नाही. ताई वैतागून आत झोपायला गेली.

अप्पांची नजर कापडावर जाणारच. सगळी उमर चादरीच्या कारखान्यात गेली, त्यातली बरीच वर्षं डिझाइन काढण्यात. ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरत मोर काढायचा. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. मग त्या प्रत्येक आडव्या ओळीचा पुठ्ठ्याचा एक पत्ता. भोक असेल तिथला धागा मागावरचं जॅकार्ड यंत्र उचलणार, नसेल तिथला खाली राहणार. असे शेकडो पत्ते ओवून त्यांची माळ मागावर चढायची. एक चौकट चुकली की सगळ्या चादरींवर मोराची मान मोडलेली. लहानपणी मला वाटायचं, अप्पा शाळेतच जातात, कारण घरी येताना बोटांना पेन्सिल लागलेली असायची.

सिनेमा संपल्यावर मी त्यांना 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'बद्दल सांगितलं. १९८८ चा. त्यातला ससा हातानं काढलेला, एका सेकंदाला २४ फ्रेम या हिशोबानं. शूटिंगच्या वेळी ससा नव्हताच. तरी कार्टूनच्या हातातली वस्तू खरी असायची, ती तारांनी किंवा यंत्रानं हलवायची आणि मग त्यावर हात काढायचा. सशावरच्या सावल्या वेगळ्या काढून वर चढवलेल्या. त्यातला खरा नट बॉब हॉस्किन्स, त्याला तर दिवसचे दिवस रिकाम्या हवेशी बोलायचं होतं. आपली लहान मुलगी मनातल्या सवंगड्यांशी कशी बोलते, ते बघून तो ते शिकला म्हणे.

अप्पांना हॉस्किन्सचं काही वाटलं नाही. "२४ म्हणजे सेकंदाला २४ कागद?" त्यांनी विचारलं. काही ठिकाणी एकच चित्र दोन फ्रेमना चालवतात, असं म्हटल्यावर म्हणाले, "तरी बारा झाले की. आणि चुकलं तर?"

"खोडायचं, परत काढायचं."

"हां. मग ते लोक बरोबर आहेत."

एवढी दाद त्यांनी माझ्या दहावीच्या निकालालाही दिली नव्हती.

आज दुपारी ट्रंकेतून जुन्या ग्राफ पेपरची गुंडाळी निघाली. कडा पिवळ्या, एका बाजूला अर्धवट सोडलेली वेलबुट्टी. दोघं फरशीवर पालथे पडून खार काढायला लागले. नियम अप्पांचा: चौकट भरायची नाहीतर सोडायची, अर्धी भरायची नाही. भाच्याची शेपूट जिन्याच्या पायऱ्यांसारखी निघाली आणि त्याला रडू यायला लागलं.

"गोलच काढू द्या की आजोबा."

"गोल नसतंय कुठलंच. लांबून बघ."

त्यांनी कागद उचलून देवघराच्या भिंतीला धरला आणि त्याला दारापर्यंत मागं जायला लावलं. तो उंबऱ्यावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, शेपूट जमली, पण खार कशावर बसलीय?

अप्पांनी खोडरबर मागितलं. आत्ता साडेदहा वाजलेत, खारीखालची चादर अजून चालू आहे.