ग्रोनिंगेनची पोटं, सोलापूरचे प्रश्न

सोलापूरला सुट्टीवर आलं की ‘तिकडं नेमकं करतोस काय?’ हा प्रश्न काही चुकत नाही. पहिल्या सुट्टीत ‘मायक्रोबायोलॉजीत पीएचडी’ एवढ्यावर वेळ मारून नेली होती. आता सरळ सांगतो, लोकांची शी तपासतो. यंदा जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत आत्तेभावानं हे ऐकलं आणि हातातलं भजं तसंच धरून म्हणाला, ‘‘काय बे, ह्यासाठी इतक्या लांब गेलास?’’

ग्रोनिंगेन हे नेदरलँड्सच्या उत्तरेचं विद्यार्थ्यांचं गाव. सोलापूरकराला तिथं दोन गोष्टी जाचतात, वारा आणि दुपारचं थंड जेवण. समोरून वारा असला की सायकल जागची हलत नाही, आणि लॅबमधली मंडळी दुपार ब्रेड-चीजवर भागवतात. बाकी तक्रार नाही. पोटाबद्दल बोलायला तर तिथं कुणी लाजत नाही. जुन्या घरांतल्या कमोडला आत सपाट पायरी असते. जे काही झालं ते पाण्यात जाण्याआधी नीट दिसतं. पहिल्यांदा पाहून दचकलो होतो. आतड्याच्या रोगावर काम करायला लागल्यावर मात्र ही सोय पटली.

तिथल्या उत्तरेच्या तीन प्रांतांत ‘लाइफलाइन्स’ नावाचा मोठा अभ्यास चालतो. त्यात १ लाख ६७ हजार लोक आहेत आणि वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. त्यातल्याच काहींनी शौचाचा नमुना घरी घेऊन स्वतःच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला. होय, स्वयंपाकघरातल्याच. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिनं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही.

माझा विषय आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, आतड्याच्या सुजेचा जुनाट रोग. आपल्याकडं पोट जरा बिघडलं की ‘कोलायटिस आहे’ म्हणून मोकळे होतात, पण हा नुसता बिघाड नव्हे. आतड्याला सतत सूज असते, जखमा होतात, रक्त जातं. दोन मुख्य प्रकार: अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वेगळं. त्यात त्रास खरा असतो, पण अशी सूज आणि जखमा नसतात. दोन्हींत फरक करायला शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी फार उपयोगी पडते. सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात वाढतं.

आता बॅक्टेरिया. माणसाच्या शरीरात ते सुमारे ३८ लाख कोटी आहेत असा २०१६ चा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. माझ्या वाट्याला आलेल्याचं नाव फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. अन्नातल्या न पचलेल्या तंतूंवर जगतो आणि ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच चालतात. गुणी जीव, पण नखरेल. हवा लागली की मिनिटांत मरतो. म्हणून सगळं काम बंद काचपेटीत. आत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन. पेटीला लावलेल्या लांब रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटा उघडायच्या. द्रावणात रेझाझुरिन नावाचा रंग टाकलेला असतो. ऑक्सिजन नसेपर्यंत तो बिनरंगी, जरा शिरला की गुलाबी. सकाळी पेटीत डोकावलं आणि बाटल्यांत गुलाबी झाक दिसली की आठवड्याची मेहनत पाण्यात. असली सकाळ उजाडली की लॅबमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही.

२००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की क्रोन्ससाठी आतड्याचा तुकडा काढल्यावर ज्यांच्यात हा बॅक्टेरिया कमी होता, त्यांच्यात रोग जास्त प्रमाणात उलटला. मग कॅप्सूलमध्ये भरून द्यावा आणि मोकळं व्हावं, नाही का? मामाचा हाच सवाल होता. अडचण अशी की सुजलेल्या आतड्यात ऑक्सिजन जास्त झिरपतो, मग ई. कोलायसारखे ऑक्सिजन चालणारे फोफावतात आणि माझ्यासारख्यांचे लाडके मरतात. म्हणजे बॅक्टेरिया गेला म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून बॅक्टेरिया गेला? आधी कोंबडी की आधी अंडं, यावरच माझी पीएचडी चालली आहे.

आत्याला मात्र एका निष्कर्षानं समाधान दिलं. लाइफलाइन्समधल्याच १,१३५ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यात ताक-दही नियमित घेणाऱ्यांच्या पोटात बॅक्टेरियांचे प्रकार जास्त आढळले. ‘‘हे कळायला इतके पैसे घातले?’’ आत्या म्हणाली. आता हा संबंध आहे, कारण नव्हे. ताकानं आयबीडी बरा होतो असं त्यात कुठेही नाही. हे मी तिला सांगितलं, पण तोवर तिनं ताक ओतायला घेतलं होतं.

ताकाचा विषय निघाला तो आत्तेभावामुळेच. त्याला दोनेक वर्षं रक्त पडत होतं. घरात सगळ्यांचं एकमत, मूळव्याध. उष्णता झाली असेल, तिखट बंद कर, सुरण खा. औषधाच्या दुकानातून मलम येत राहिलं, मधेच जुलाब वाढले की अँटिबायोटिकचा कोर्सही. ग्रोनिंगेनला साध्या तापाला डॉक्टरकडून पॅरासिटामॉलपलीकडं काही मिळत नाही, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक तर नाहीच. सुरुवातीला चिडायचो. आता नाही.

शेवटी वजन उतरायला लागलं तेव्हा कोलोनोस्कोपी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मूळव्याधीतही रक्त पडतं हे खरं, पण आतून बघितल्याशिवाय ठरवायचं कसं? रक्तासोबत आव पडते, रात्री झोपेतून उठून जावं लागतं, वजन घटतं, अशी लक्षणं असली तर सुरण शिजवत बसण्यात अर्थ नाही.

त्यातल्या त्यात त्याचं नशीब, की क्रोन्स नव्हता. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की आपल्याकडचे मुरलेले डॉक्टरही चक्रावतात. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिली तर टीबी भडकतो. म्हणून कित्येकदा आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. ग्रोनिंगेनमध्ये हा पेच अगदी क्वचित. तिथं मी टीबीचा उल्लेख केला की सहकारी माझ्याकडं इतिहासाचं पुस्तक उघडल्यासारखे बघतात.

तिथलं उत्तर इथं लागू पडेलच असं नाही, हे इथंच कळतं. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेला नॉड-२ हा पहिला जीन सापडला. त्यातले युरोपात गाजलेले बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ नसतातच. आपल्या डाळ-भाकरीच्या पोटात प्रीव्होटेला जातीचे बॅक्टेरिया भरपूर, तिकडं सहसा बॅक्टेरॉइडिसचा जोर. आणि हा गोऱ्यांचाच रोग म्हणावं तर पंजाबातल्या २००३ च्या पाहणीत लाखात सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला होता. रोग आपल्याकडंही आहे, नमुने मात्र बहुतेक तिकडचेच.

भाऊ आता मेसालामाइन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधावर बरा आहे. इतका बरा, की गोळ्या बंद करू का म्हणून विचारत होता. बरं वाटतं ते गोळ्यांमुळं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही, असं आत्यासमोरच बजावलं. शेंगाचटणीबद्दल विचारलं तर सोसेल तेवढी खा म्हणालो. त्रास वाढला असेल तेव्हा नको.

मग म्हणाला, ‘‘माझा नमुना घेऊन जा की तुझ्या लॅबला.’’ नेता येत नाही, त्याला नैतिक समितीची मंजुरी लागते, दोन्ही देशांच्या परवानग्या लागतात, शिवाय आमच्या अभ्यासात फक्त तिकडचेच लोक घेतात, असं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे पोट दुखतंय सोलापूरला आणि तपासतायत ग्रोनिंगेनला. मग उपयोग काय बे तुझा?’’