अँड्र्यूज दांपत्याचा सातबारा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत तासाभरात आई कंटाळली. चित्रातले सगळे गोरे लोक तिला एकाच घरातले वाटायला लागले होते. थॉमस गेन्सबरोच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज'पुढे मात्र ती थांबली. चित्र पाहून नव्हे, शेत पाहून.

इंग्लंडातले जमीनदार नवरा-बायकोची चित्रं बहुतेकदा जोडीनं काढून घेत, पण दोन वेगळ्या चौकटींत. हे दोघं एकाच चौकटीत आहेत आणि तीही डावीकडे सरकून. चार फुटांहून किंचित कमी रुंदीच्या या चित्राचा उजवा अर्धा भाग निव्वळ जमीन आहे. रॉबर्ट अँड्र्यूज आणि फ्रान्सिस कार्टर यांचं लग्न नोव्हेंबर १७४८ मध्ये सडबरी गावात झालं. ती तेव्हा सोळा वर्षांची. दोन्ही घरच्या जमिनी लागून, त्यामुळे लग्नाबरोबर बांधही जुळले. चित्र १७५० च्या सुमाराचं. मला तर तो रंगवलेला सातबाराच वाटला.

तो बंदूक काखेत धरून ऐटीत उभा, कुत्रा त्याच्याकडे बघतोय. ती निळ्या सॅटिनच्या घेरदार झग्यात, ओकखालच्या बाकावर अगदी ताठ. तिच्या मांडीवरचा तुकडा मात्र रंगवायचाच राहिलाय. तिथे काय येणार होतं, पक्षी, पुस्तक की बाळ, यावर जाणकार अजून वाद घालतात.

आईला त्याचं काही नव्हतं. "धसकटं बघ, एका ओळीत. पाभरीनं पेरलंय."

मी गॅलरीची माहिती वाचली. खरंच, त्या काळी नव्यानं आलेल्या पेरणीयंत्राचीच ती खूण!

"आणि पेंढ्या कुणी बांधल्या गं? एक माणूस दिसत नाही."

चित्र घराण्याकडेच राहिलं, १९६० साली गॅलरीनं विकत घेतलं. आईचा प्रश्न तेव्हा कुणी विचारला होता का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सडबरीला गेलो. लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडी, मार्क्स टे इथे बदलून फाट्याची छोटी गाडी. गेन्सबरोचं जन्मघर आता संग्रहालय आहे. मागच्या अंगणात तुतीचं जुनं, वाकलेलं झाड. आईनं बुंध्यावर हात ठेवला, माळी बघतोय का ते पाहून. चित्रातला ओक गावाबाहेर ऑबरीज इस्टेटीत अजून उभा आहे म्हणतात. जागा खासगी, तेव्हा तिकडे गेलो नाही.

त्याऐवजी स्टूर नदीच्या काठानं चालत निघालो. ओल्या कुरणात गाई निवांत चरत होत्या.

"हे कुणाचं?" आईनं विचारलं.

"कुणा एकाचं नाही. शेकडो वर्षं गावची गुरं इथे चरतात."

"मग गायरान म्हण की," ती म्हणाली, आणि पर्समधून दशम्या काढायला खाली बसली.